पैसे दिसले म्हणून ऑथ कोड द्यावा का?

नाशिकहून एकांनी विचारलंय. त्यांच्याकडे 2011 पासून राखून ठेवलेलं एक डॉट कॉम नाव, म्हणजे डोमेन, आहे. मागच्या आठवड्यात परदेशातून मेल आला: 2,400 डॉलर देतो, पेपालने आत्ता पाठवतो, खात्यात पैसे दिसले की ऑथ कोड (नाव दुसरीकडे हलवायचा गुप्त कोड) पाठवून द्या. गिऱ्हाईक सभ्य बोलतंय, घासाघीसही केली नाही. तर पैसे आलेले दिसल्यावर कोड द्यायला हरकत आहे का? आणि उद्या भारतातलंच गिऱ्हाईक मिळालं तर यूपीआय चालेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: देऊ नका. पैसे दिसले तरी देऊ नका. दुसऱ्याचं उत्तर जरा लांब आहे, ते पुढे येईल.

या धंद्यात विकणाऱ्याची गोची एकच आहे. डोमेन हातातून जातं ते काही मिनिटांत, फार तर काही दिवसांत, आणि गेलं की परत आणणं महाकठीण. पैसे मात्र काही मार्गांनी आले असतील तर खात्यात पडल्यावरही कित्येक महिने परत ओढता येतात. त्यामुळे ‘पैसे आले का?’ एवढं विचारून भागत नाही. आलेले पैसे कोण परत ओढू शकतं आणि किती दिवसांपर्यंत, हे आधी बघायचं. पैसे द्यायचा कुठलाही मार्ग समोर आला की मी हाच प्रश्न लावतो आणि बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

पेपालला लावून बघा. पैसे दिल्यापासून 180 दिवसांपर्यंत खरेदीदार तक्रार करू शकतो. ‘माल मिळाला नाही’ ही तक्रार त्यातल्या त्यात परवडली, निदान तुम्ही भांडू तरी शकता. खरी घातक तक्रार असते ती ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ ही. तुमच्याशी गोड बोलणारा माणूस पुष्कळदा दुसऱ्याच कुणाच्या चोरलेल्या पेपाल खात्यातून पैसे पाठवत असतो. आठ-दहा दिवसांनी त्या खात्याचा खरा मालक जागा होतो आणि तक्रार करतो. त्याची तक्रार खरी असते, पैसे त्याला मिळायलाच हवेत, आणि ते तुमच्याकडून जातात. तुमच्याकडे दाखवायला कुरिअरची पावती नाही, पत्ता नाही, सही नाही. डोमेन हवेतून हवेत गेलेलं. विक्रेत्याला संरक्षण देण्याचे पेपालचे नियम मुळात खोक्यात भरून पाठवायच्या वस्तू डोळ्यांसमोर ठेवून बनलेत. नाव विकणाऱ्याला तिथे पाय रोवायला फारशी जागा नाही.

शिवाय पेपालच्या मागे क्रेडिट कार्ड जोडलेलं असेल तर आणखी एक दार उघडं राहतं. कार्डधारक थेट आपल्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे दिलेले पैसे परत, मागू शकतो. त्याची मुदत साधारण 120 दिवसांची असते आणि निर्णय पेपालच्या हातात नसतो.

भारतातल्या खात्याचा अजून एक पेच आहे. इथे पेपालमधली शिल्लक तिथे राहत नाही, रोजच्या रोज आपोआप बँकेत जमा होते. लोकांना वाटतं, पैसे बँकेत पोचले, आता आपले झाले. तसं नसतं. पैसे उलटले की पेपाल खातं उणे होतं आणि पुढे जे काही काम करून मिळवाल त्यातून ते वळतं केलं जातं. फ्रीलान्सिंगची कमाई त्याच खात्यात येत असेल तर एका डोमेनपायी सगळंच अडकतं.

जाता जाता एक खूण सांगून ठेवतो. पेपालने 1 एप्रिल 2021 पासून भारतातल्या भारतात पैसे पाठवायची सेवा बंद केली आहे. तेव्हा ‘मी बेंगळुरूचा, माझी इथलीच कंपनी आहे, पेपालने पाठवतो’ असं कुणी म्हणालं तर पुढचं वाचायची गरज नाही.

आता दुसरा प्रश्न, भारतातलं गिऱ्हाईक. एनईएफटी, आरटीजीएस, आयएमपीएस, यूपीआय यांनी आलेले पैसे, पाठवणाऱ्याच्या मनात आलं म्हणून परत जात नाहीत. कार्डासारखा चार्जबॅक इथे नाही, आणि विकणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. एनईएफटी डिसेंबर 2019 पासून आणि आरटीजीएस डिसेंबर 2020 पासून दिवसरात्र, सुट्टीच्या दिवशीही चालतं. म्हणजे ‘बँक बंद आहे, सोमवारी पडतील, तोवर कोड द्या’ ही सबबही आता उरलेली नाही. दोन लाख किंवा त्यावरची रक्कम असेल तर आरटीजीएस मागा आणि यूटीआर नंबर (बँकेने व्यवहाराला दिलेला क्रमांक) घ्या. पण यूटीआर नंबर म्हणजे पैसे नव्हेत, तो कुणीही मनाने रचून पाठवू शकतो. स्क्रीनशॉटचं तर बोलायलाच नको. एसएमएसही खोटा येतो, शब्दन् शब्द बँकेसारखा, फक्त साध्या दहा आकडी नंबरावरून. स्वतःच्या बँकेचं अ‍ॅप उघडायचं, स्टेटमेंटमध्ये ती ओळ बघायची, पाठवणाऱ्याचं नाव वाचायचं. धनादेश भरल्याची स्लिप फोटो काढून पाठवणारेही भेटतात. त्या स्लिपवर ‘जमा’ असा शिक्का असतो, पण धनादेश वटलेला नसतो.

आणि पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही. हे सगळ्यांना माहीत आहे म्हणता म्हणता अजून फसणारे आहेत, म्हणून लिहिलं.

पण भारतातल्या व्यवहारात त्याहून मोठी भीती वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल डोमेनवाले फारसं बोलत नाहीत. ती म्हणजे खातं गोठणं.

होतं ते असं. गिऱ्हाईक म्हणतं, ‘माझी लिमिट संपली, पार्टनर पाठवेल.’ मग दोन-तीन वेगवेगळ्या नावांनी रकमा येतात, बेरीज बरोबर जुळते. तुम्ही खुशीत डोमेन देऊन टाकता. प्रत्यक्षात त्या नावांमागची माणसं तुमच्या गिऱ्हाइकाला ओळखतही नाहीत. कुणाला शेअर बाजाराच्या नावाखाली, कुणाला घरबसल्या कामाच्या नावाखाली गंडवलेलं असतं आणि ‘या खात्यात पैसे भरा’ म्हणून तुमचा खाते क्रमांक दिलेला असतो. कधी पैसे थेट येतात, कधी मधल्या एक-दोन खात्यांतून फिरून. फसलेला माणूस 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करतो किंवा सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवतो. पैसा कुठून कुठे गेला याचा माग लागतो आणि तुमच्या बँकेला तेवढ्या रकमेवर, काही वेळा अख्ख्या खात्यावर, बंधन घालायला सांगितलं जातं. तक्रार झालेली असते परराज्यात. मग तिथल्या पोलिसांना ईमेल करा, कागद पाठवा, मी आरोपी नाही हो, मी तर डोमेन विकलं, असं पटवत बसा. त्यात गृहकर्जाचा हप्ता त्याच खात्यातून जात असेल तर आणखी पंचाईत.

म्हणून माझा नियम असा आहे: पाठवणाऱ्याच्या खात्यावरचं नाव, बिलावरचं नाव आणि डोमेन ज्याच्या नावावर जाणार ते नाव, ही तिन्ही एकच असली पाहिजेत. कंपनी असेल तर कंपनीच्या खात्यातूनच पैसे. तिसऱ्याच्या खात्यातून आले तर जसे आले तसे त्याच खात्यात परत, तेही बँकेला लेखी कळवून आणि बँकेच्या मार्फत. ‘चुकून जास्त आले, उरलेले या दुसऱ्या नंबरावर पाठवा’ असं सांगितलं तर एक रुपयाही हलवायचा नाही. गिऱ्हाइकाला राग येतो, येऊ दे. आणि सौदा छोटा असला तरी एक पानाचा करार आणि बिल करून ठेवा. खातं अडकलंच तर तुमच्या बाजूने बोलणारे कागद तेवढेच.

रोखीचं कुणी सुचवलं तर दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यातच बसत नाही, विषय संपला. क्रिप्टो परत ओढता येत नाही हे खरं, पण ते पैसे कुठून आले हे तुम्हाला सांगता येणार नाही आणि कराची कटकट वेगळी. मी घेत नाही.

आता नाशिककरांच्या 2,400 डॉलरकडे येऊ. परदेशी गिऱ्हाईक, अनोळखी, रक्कम मध्यम. इथे एस्क्रो हाच रस्ता. जमिनीच्या व्यवहारात जसं पैसे आणि खरेदीखत एकाच टेबलावर यावं लागतं, तसं ते टेबल इथे तिऱ्हाईत कंपनी पुरवते. खरेदीदार पैसे तिच्याकडे भरतो, ती तुम्हाला कळवते, तुम्ही डोमेन देता, खरेदीदार ते मिळाल्याचं मान्य करतो, मग कंपनी तुम्हाला पैसे सोडते. या कामात जुनं नाव एस्क्रो डॉट कॉमचं, 1999 पासूनचं, आणि त्यांच्याकडे कॅलिफोर्निया राज्याचा परवाना आहे. सेडो, आफ्टरनिक अशा बाजारपेठांवर नाव लावलेलं असेल तर पैसे आणि हस्तांतर दोन्ही तेच सांभाळतात, बदल्यात कमिशन घेतात. ते कमिशन बघून नव्या माणसाचा जीव वरखाली होतो. अनोळखी गिऱ्हाइकासाठी मला ते महाग वाटत नाही.

एस्क्रोतली फसवणूक एस्क्रोच्या नावानेच होते. खरेदीदारच म्हणतो, ‘एस्क्रो वापरू या’, आणि दुवा पाठवतो. साइट झकास असते, कुलपाचं चिन्ह असतं, चॅटवर कुणीतरी बोलतंही. दुसऱ्या दिवशी मेल येतो: रक्कम जमा झाली, विक्रेत्याने डोमेन हस्तांतरित करावं. ती कंपनी मुळात अस्तित्वातच नसते. दुसऱ्या प्रकारात कंपनी खरी असते, पण मेल खोटा असतो. नीट बघितलं तर पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे किंवा मध्येच एक जास्तीची आडवी रेघ दिसते. उपाय कंटाळवाणा आहे, पण रामबाण आहे. व्यवहार तुम्ही सुरू करायचा, त्याने नाही. पत्ता स्वतः टाइप करायचा, मेलमधल्या दुव्यावर टिचकी मारायची नाही. लॉगइन करून व्यवहाराच्या पानावर पैसे सुरक्षित झाल्याचं दिसेपर्यंत डोमेनचं लॉक (नाव हलू न देणारी सोय) काढायचं नाही. आणि खरेदीदाराने कधी न ऐकलेल्या एस्क्रो कंपनीचाच हट्ट धरला तर काय ते समजून जा.

एस्क्रोचा व्यवहार लिहितानाही थोडं डोकं लावा. पाहणीची मुदत कमी ठेवा, डोमेनला तीन दिवस भरपूर झाले. ‘डोमेन मिळालं’ म्हणजे नक्की काय, हेही लिहा: त्याच रजिस्ट्रारकडच्या (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडच्या) खात्यात पुश, म्हणजे नाव नुसतं सरकवणं, की ऑथ कोड देऊन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे ट्रान्सफर. फक्त ‘डोमेन’ असं लिहिलंत तर साइटवरचा मजकूर, लोगो, ईमेल खाती, सोशल मीडियाची पानं यांवरून नंतर वाद निघू शकतो. देवनागरी नाव असेल, म्हणजे डॉट भारतवरचं, तर करारात आणि बिलात देवनागरी रूपाबरोबर त्याचं प्युनीकोडही (इंग्रजी अक्षरांतलं रूप) लिहा, कारण रजिस्ट्रारच्या पानावर आणि ट्रान्सफरच्या मेलमध्ये तेच दिसतं. ‘मी घेतलं ते नाव हे नव्हेच’ म्हणायला जागा ठेवायची नाही.

हस्तांतराची पद्धत कुठली घ्यावी? मी शक्यतो पुश सुचवतो. दोन्ही खाती एकाच रजिस्ट्रारकडे असल्याने काम झटक्यात होतं, नोंद त्यांच्याकडेच राहते, आणि काही बिनसलं तर एकाच दारात जाऊन भांडता येतं. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे ट्रान्सफर करायचं असेल तर डॉट कॉमसारख्या नावांना साधारण पाच दिवस लागू शकतात. जुन्या रजिस्ट्रारकडून तुम्हाला मेल येतो, आणि त्या मुदतीत फसवणूक लक्षात आली तर ट्रान्सफर थांबवता येतं. तो मेल स्पॅममध्ये तर गेला नाही ना, हे बघत जा. घाई म्हणून त्यातलं ‘मंजूर’ बटण दाबून मोकळे होऊ नका. आणि ट्रान्सफरच्या आधी मालकाचं नाव बदलू नका, अनेक रजिस्ट्रारकडे त्याने 60 दिवसांचं लॉक बसतं. मग खरेदीदार खरा असला तरी चिडतो, आणि पैसे एस्क्रोत अडकून पडतात.

मालकी सिद्ध करायला ऑथ कोड मागणारा खरेदीदार हमखास भेटेल. तो कोड म्हणजेच डोमेन. मालकी दाखवायची तर डीएनएसमध्ये (डोमेनच्या जाहीर नोंदींत) त्याने सांगितलेल्या शब्दांची एक टीएक्सटी, म्हणजे साध्या मजकुराची, नोंद टाका. दहा-पंधरा मिनिटांत जगातून कुठूनही ती दिसते, आणि ज्याच्या हातात डोमेन आहे त्यालाच ती टाकता येते. खऱ्या खरेदीदाराचं यावर समाधान होतं.

छोट्या सौद्यांचं काय? दहा-पंधरा हजारांच्या नावाला परदेशी एस्क्रोचं शुल्क आणि बँकेचे चार्जेस परवडत नाहीत. तिथे पूर्ण रक्कम आधी, मग पुश, हे सरळ. गिऱ्हाईक नवखं असेल आणि त्याला तुमच्यावर भरवसा नसेल, तर इसार घेऊन नेमसर्व्हर (नाव कुठल्या साइटकडे जावं हे ठरवणारी नोंद) त्याच्याकडे वळवून द्या. त्याची साइट त्या नावावर सुरू होते, नाव मात्र तुमच्याच खात्यात राहतं. उरलेली रक्कम आली की पुश. हप्त्यांनी विकायचं तरी हीच पद्धत, फक्त मोठ्या रकमेला डोमेन एस्क्रो कंपनीच्या ताब्यात ठेवायची सोय वापरा.

एक फसवणूक डोमेन न नेता फक्त पैसे नेते, आणि ती बरीच जुनी आहे. मेल येतो, भरघोस भाव, फक्त ‘आमच्या गुंतवणूकदाराला मूल्यांकनाचा दाखला लागतो, अमुक ठिकाणचाच चालतो’. दाखल्याचे पन्नास-शंभर डॉलर तुम्ही भरता आणि गिऱ्हाईक गायब. ते ‘अमुक ठिकाण’ त्याचंच असतं. खऱ्या खरेदीदाराला मूल्यांकन हवं असेल तर तो स्वतःच्या खर्चाने करून घेतो.

नाशिककर, तुमच्या गिऱ्हाइकाने घासाघीस केली नाही, हे तुम्ही चांगलं लक्षण म्हणून लिहिलंय. मला ते उलटं वाटतं. स्वतःच्या खिशातले 2,400 डॉलर मोजणारा माणूस निदान दोनशे तरी कमी करून मागतो.

आणि झालंच, डोमेन गेलं आणि पैसेही उलटले, तर? पहिले काही तास महत्त्वाचे. जुन्या आणि नव्या दोन्ही रजिस्ट्रारच्या गैरवापर तक्रार विभागाला मेल करा. आयकॅनची (डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या जागतिक संस्थेची) मान्यता असलेल्या रजिस्ट्रारला असा संपर्क जाहीर करावाच लागतो. करार, बिल, पैसे उलटल्याची नोटीस, खरेदीदाराचे मेल पूर्ण हेडरसह जोडा आणि नाव आहे तिथेच लॉक करायची विनंती करा. डॉट कॉमसारखं नाव नव्या रजिस्ट्रारकडे गेलं की साधारणपणे 60 दिवस तिथून पुढे हलत नाही. तुमच्या हातात तेवढाच अवधी आहे. त्याच दिवशी 1930 वर आणि पोर्टलवर तक्रार नोंदवा. तक्रार क्रमांक जोडलेला मेल रजिस्ट्रार जास्त गांभीर्याने वाचतात.

यूडीआरपीने (डोमेनच्या तंट्यांसाठीची आयकॅनची व्यवस्था) नाव परत मिळेल असं कुणीतरी सांगेल. ती व्यवस्था ट्रेडमार्कच्या भांडणासाठी आहे, बुडालेल्या पैशांसाठी नाही. डॉट इनची आयएनडीआरपीही तशीच. सुप्रीम कोर्टाने 2004 मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स खटल्यात डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं असं म्हटलं, पण तो वादही नावाच्या हक्काचा होता. राहतो दिवाणी दावा. अमेरिकेत गॅरी क्रेमेन यांचं सेक्स डॉट कॉम 1995 मध्ये एका बनावट पत्रावर दुसऱ्याच्या नावावर चढवलं गेलं. ते परत मिळायला 2000 साल उजाडलं. 2001 मध्ये कोर्टाने त्यांच्या बाजूने साडेसहा कोटी डॉलरचा निकाल दिला, तोवर समोरचा माणूस मेक्सिकोत पळालेला होता. ते नाव इतकं मौल्यवान होतं म्हणून वर्षानुवर्षं वकील पोसणं परवडलं.

तेव्हा नाशिककरांनी आजच उत्तर पाठवावं: 2,400 डॉलर मान्य, व्यवहार मी एस्क्रो डॉट कॉमवर सुरू करतो, शुल्क निम्मं-निम्मं, तुमचं पूर्ण नाव आणि ईमेल कळवा. पेपालचा हट्ट पुन्हा धरला तर त्या मेलला उत्तर देऊ नका, आणि त्याच दिवशी रजिस्ट्रारच्या खात्याचा पासवर्ड बदलून दुहेरी पडताळणी चालू करा. नाव मिळत नाही म्हटल्यावर पुढचा मेल रजिस्ट्रारच्या नावाने येण्याची शक्यता असते.